उसना आवाज

गप्प बसणार असाल तर सांगतो. ही कुठं वाचलेली गोष्ट नाही. काचीगुड्याच्या मुकुंदाची आहे, आणि तो अजून मेलेला नाही.

सन शहाण्णव. नोव्हेंबरची एकोणीस, मंगळवार. संध्याकाळी साडेसातला मुकुंद स्कूटरवरून नल्लकुंट्याला निघाला. काम साधं. एक कॅसेट ऐकून यायची.

हा मुकुंद म्हणजे विसाव्या वर्षी एका तेलुगू सिनेमात नायकाचा धाकटा भाऊ झालेला. एकच सिनेमा. त्यात बापाला म्हणतो, "नान्ना, हा उंबरा ओलांडला की मी तुमचा कुणी नाही." एवढ्या वाक्यावर गडी बावीस वर्षं मिरवला. साडीच्या दुकानाची फीत काप, गणपतीच्या मांडवात पुढली खुर्ची अडव. केस रंगवून चाळिशी उलटली तरी चालणं कॉलेजातलं. कुणी म्हटलं, ते वाक्य म्हणा की, तर ह्याचा घसा नेमका बसलेला.

कारण आवाज त्याचा नव्हताच. तोंड ह्याचं, बोलला होता लक्ष्मणराव. रेल्वेतला कारकून, नल्लकुंट्याचा. सिनेमाच्या शंभर दिवसांच्या समारंभात लक्ष्मणराव स्टेजखाली येऊन म्हणाला, "मुकुंदा, माझं नाव घे रे एकदा." ह्यानं माइकवरून चहावाल्याचेसुद्धा आभार मानले. लक्ष्मणरावाचे नाही.

आता टीव्हीवर नवनव्या वाहिन्या निघाल्या होत्या. एका मालिकेत बापाचं काम होतं. निर्माता लहानपणापासून त्या वाक्यावर फिदा. म्हणाला, गुरुवारी माझ्यासमोर म्हणा, काम तुमचं. हे गेलं तर दुसरं येत नाही, हे मुकुंदाला पक्कं ठाऊक. लक्ष्मणराव तीन वर्षांमागं वारलेला. पण हौसेनं ते वाक्य त्यानं घरी कॅसेटवर भरून ठेवलं होतं.

कुसुमवहिनींनी, लक्ष्मणरावाच्या बायकोनं, दार उघडलं. "सिनेमावाले रस्ता चुकले का?"

"वहिनी, लक्ष्मणरावांची फार आठवण येते."

"हौ, येणारच. गुरुवारी परीक्षा आहे म्हणे." त्यांनी टेपरेकॉर्डर पुढं सरकवला. "कॅसेट घराबाहेर जाणार नाही. इथंच ऐका. मी देवळात जाऊन येते."

मुकुंदानं बटण दाबलं. लक्ष्मणराव बोलू लागला. हा मागून म्हणू लागला. शेळी ओरडावी तसा.

आठ वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. टेप थांबली.

वाक्य थांबलं नाही.

मुकुंदानं चाचपडत प्लग उपसला. वायर हातात आली. आवाज कपाटापाशी... मग खुर्चीपाशी... मग कानाशी. तेच वाक्य. पुन्हा. पुन्हा.

मग शांत.

"तोंड हलव."

मुकुंद उठायला गेला.

"हलव."

"लक्ष्मणराव... चुकलो मी..." असं तो म्हणाला. म्हणजे ओठ हलले. आवाज नाही. अंधारात कुणीतरी श्वास घेतला...

"चुकलो मी."

शब्द ह्याचे. आवाज लक्ष्मणरावाचा.

वहिनी परतल्या तेव्हा लाइट आली होती. मुकुंद भिंतीला टेकलेला. ओठ गच्च. मांडीवर वायर. तसाच उठला नि गेला.

गुरुवारी कॅमेऱ्यासमोर वाक्य म्हणाला. असं म्हणाला की निर्मात्याचे डोळे भरले. पण घेतलेलं बघताना कॅमेरावाला चिडला. मशीन तपासलं. टेप बदलली. तीनदा घेतलं. तिन्हीदा तेच, ओठांशी आवाज जुळेना. काम दुसऱ्याला गेलं.

मुकुंद अजून काचीगुड्यातच राहतो. कुणाशी बोलत नाही. परवा स्टेशनसमोर रिक्षावाल्याला बोलावत होता...

ओठ हलले. मिटले.

मग हाक आली, लक्ष्मणरावाच्या आवाजात.