चाळीस घागरी पाणी

दिवाळी झाली आणि खुशाल राळ आणायला सावलीच्या बाजाराला गेला. राळ, जवसाचं तेल, शेरभर कापूस, एवढंच काम. तीन कोस जाऊन, तीन कोस येऊन, दुपार कलायच्या आत तो वैनगंगेच्या काठावर परत आला होता. साल सत्तावन्न. कार्तिक शुद्ध तृतीया. तिथी त्याच्या पक्की लक्षात होती.

खुशाल म्हणजे आपल्या गावचा ढिवर, डोंगे, म्हणजे लाकडी नावा, बांधणारा. त्यानं हे एकदाच सांगितलं, त्याचा मोठा भाऊ उमाजी वारला त्या वर्षी. यात खरं किती, आता कोण ठरवणार? खुशाल खोटं बोलणारा माणूस नव्हता, असं म्हणावं, तर एकदा तो बोलला होता. त्याचीच ही गोष्ट.

नवा डोंगा आपल्याकडे लगेच नदीत घालत नसत. फळ्यांच्या फटींत कापूस ठासायचा, वरून राळ आणि तेलाचा लेप द्यायचा. लेप वाळला की डोंगा मांडीभर उंच ओंडक्यांवर चढवायचा आणि विहिरीचं चाळीस घागरी पाणी त्यात ओतायचं. मग ज्यानं फटी बुजवल्या, त्यानंच रात्रभर डोंग्याखाली उताणं पडून राहायचं. जिथून थेंब गळेल तिथं कोळशानं खूण करायची. सकाळी मोठ्या कारागिरानं विचारायचं, किती थेंब?

तीन वर्षांपूर्वी, चोपन्न साली, अशीच रात्र होती. पण गावात दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे जत्रा, भरली होती, रात्रभर दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होता, आणि दंडारीत खुशाल राणी व्हायचा. तो डोंग्याखाली निजला नाही. पहाटे तोंडाचा रंग पुसत धावत आला. खालची माती ओलसर होती. दव असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. तेवढ्यात मोठा कारागीर, उमाजी, आला.

"किती थेंब?"

"एकई नाई, दादा."

मागं उमाजीची बायको गिरजा घागर घेऊन उभी होती. रात्री ती दंडारीत पुढंच बसली होती. तिनं दिराच्या डोळ्यांतलं काजळ पाहिलं. बोलली काही नाही. भावाभावांत वाकडं नको, असंच तिला वाटलं असेल.

डोंगा चालू लागला. तळाला थोडं झिरपायचं. झिरपतं सगळ्याच डोंग्यांत, म्हणून कुणी पाहिलं नाही. पंचावन्नच्या श्रावणात धानाच्या रोवणीच्या बाया घेऊन उमाजी पलीकडे निघाला. भर पूर. मधोमध तळाची फट उघडली. सात बाया गेल्या. त्यातली एक गिरजा.

उमाजी तेवढा काठाला लागला. गाव म्हणालं, यानं बाया जास्त बसवल्या. उमाजीनं खाली मान घालून ते ऐकून घेतलं. खुशालनं त्याला ऐकू दिलं. त्या दिवसापासून उमाजी ना नदीवर गेला, ना त्यानं लाकूड तासायचा वाकस हातात धरला. त्याच्याकडून कुणी विडीसुद्धा घेईना. दोन वर्षं गाव डोंग्यावाचून अडलं, शेवटी पाटलानं खुशालला गाठलं. तर हा तो डोंगा.

चौथीला फटी बुजवल्या, लेप वाळला, पंचमीला चाळीस घागरी पाणी ओतलं; त्याच दिवशी पुन्हा मंडई होती. दिवस मावळताना दंडारीतला मुखरू ढोलकी घेऊन बोलवायला आला आणि खुशालला डोंग्याखाली धानाचं तणस पसरताना पाहून हसला.

"काऊन जी राणीसायेब, यंदा महाल इथीच का?"

खुशाल तणस पसरत राहिला. मुखरू गेला.

नवाच्या सुमारास चंद्र बुडाला. दूर ढोलकी वाजत होती. खुशाल उताणा पडला होता. छातीवर कोळसा, उशाशी कंदील. नाकापासून हातभर वर फळ्या, आणि फळ्यांवर चाळीस घागरी पाणी. फटी कोरड्या. त्याला बरं वाटलं. डोळा लागला.

जागा झाला तेव्हा ढोलकी थांबलेली. कंदील विझलेला.

टप्...

डाव्या बाजूला. त्यानं हात वर नेला. फळी चाचपली. कोरडी.

टप्...

खालचं तणस चाचपलं. तेही कोरडं. हात थोडा पुढं गेला... आणि थांबला.

शेजारी कुणीतरी निजलं होतं.

त्यानं हात मागं घेतला. श्वास धरला. पलीकडून श्वास ऐकू येईना. नुसता नदीच्या गाळाचा वास...

टप्.

"ही रंभा."

आवाज हळू होता. भाकरी वाढताना बोलावं तसा.

टप्.

"ही मनकर्णा."

खुशालला उठता येईना. उठावं तर कपाळ फळीला लागतं. कुशीवर वळावं, तर...

टप्. "ही मंगली." टप्. "ही कमळा." मग आणखी दोन.

मग बराच वेळ काही नाही.

टप्.

"ही मी."

खुशालच्या तोंडून शब्द फुटला. वैनी, म्हणाला.

"मी बोलली नाई, भाऊजी. तुमी बी बोलले नाई."

टप्... हा आठवा.

"हे तुमचे भाऊ. घरी बसून हायत." मग आणखी हळू, "सांगता का त्याइले?"

खुशाल हो म्हणाला. दोनदा म्हणाला. पुढं आवाज नाही. पहाट होईपर्यंत तो डोळे मिटून पडून राहिला. डावा हात अंगाखाली दाबून...

उजाडताना पावलं वाजली. खुशाल बाहेर सरकला. समोर उमाजी. दोन वर्षांत पहिल्यांदा नदीच्या वाटेला आलेला. का आला, ते तो बोलला नाही. म्हातारा दिसत होता. डोंग्याच्या काठाला हात लावून त्यानं विचारलं,

"किती थेंब?"

तेव्हाच बोलायचं होतं. जवळ तिसरं कुणी नव्हतं. खुशालनं तोंड उघडलं. भावाचा तो लाकडावरचा हात पाहिला. आणि...

"एकई नाई, दादा."

उमाजीनं मान हलवली. वाकून खालचं तणस दाबून पाहिलं. माती उकरून पाहिली. खडखडीत. कोळशाची एक खूण कुठं नव्हती. मग तो ओंडक्यावर चढला आणि आत डोकावला.

तसाच उभा राहिला.

"खुशाल," तो म्हणाला. "पानी कुठी गेलं?"

खुशाल चढला. पाहिलं.

डोंगा आतून कोरडा होता.