भिंतीपलीकडचा बेस

ही गोष्ट मी तिखटमीठ लावून सांगणार नाही. जिच्यावर हा प्रसंग गुदरला ती माझी सख्खी धाकटी आत्या आहे. तिने मला हे एकदाच सांगितलं, आणि पुन्हा विचारायचं नाही अशी ताकीदही दिली.

मार्चमधला दुसरा रविवार. वेळ दुपारी अडीचची. रात्र नाही, अंधार नाही, बाहेर लख्ख ऊन.

आत्या दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवते आणि उरलेल्या वेळात बेस गिटार वाजवते. "बेसवाल्याकडे कुणी बघत नाही," ती म्हणते, "पण तो थांबला की सगळ्यांना कळतं." तिच्यासोबत चौदा वर्षं ड्रम वाजवणारा एक मित्र होता. अंगाने काडी, पण सगळे त्याला ढोल्याच म्हणायचे. भावापेक्षा जवळचा.

त्यांची प्रॅक्टिसची खोली फर्निचरच्या एका दुकानाखाली, तळघरात होती. जिना उतरला की एक बोळ. बोळात शेजारी शेजारी दोन दारं. डावीकडचं प्रॅक्टिसच्या खोलीचं. उजवीकडचं अडगळीच्या खोलीचं, त्याला कायम कुलूप.

ढोल्या तीनला येणार होता. नव्या गाण्यात आत्याची बोटं एका जागी अडखळत होती, म्हणून ती अर्धा तास आधी गेली. जड दार मागे लोटलं. भिंतींना जाड फोम, खिडकी नाही, मोबाईलला रेंज नाही. सवयीचंच सगळं.

तिने केबल जोडली. अ‍ॅम्प सुरू केला. लाल दिवा लागला.

सगळ्यात जाड तार छेडली...

आवाजच नाही.

तार थरथरत होती. बोटाला जाणवत होती. पण आवाज नाही. तिने केबल काढून परत घातली. आवाज वाढवायचं बटण पिळलं. काही नाही. मग तिच्या लक्षात आलं की अ‍ॅम्प बंद असला तरी तारेचा स्वतःचा बारीक आवाज येतोच की!

तोही येत नव्हता.

आणि तेवढ्यात... उजवीकडच्या भिंतीपलीकडून एक खोल, जाड सूर आला.

तिचाच.

शेजारी कुणीतरी वाजवत असेल, असं तिला आधी वाटलं. तिने नव्या गाण्याचा तुकडा वाजवला. पलीकडून तोच तुकडा आला. तिची बोटं जिथे अडखळली, तिथेच तोही अडखळला.

"कोण आहे?" ती म्हणाली.

ओठ हलले. घसा हलला. खोलीत चकार शब्द उमटला नाही.

भिंतीपलीकडून, किंचित उशिराने, तिच्याच आवाजात आलं...

"कोण आहे?"

आत्या तशी धीराची. पण तिथे थांबायचं धाडस तिला झालं नाही. गिटार गळ्यात तशीच ठेवून ती दाराकडे धावली. हँडल फिरलं. दार हललं नाही. तिने खांदा लावला. लाथा घातल्या. मुठी आपटल्या.

तिच्या बाजूला शांतता. धाडधाड आवाज होत होता तो पलीकडे.

ती ओरडली. घसा फाटेस्तोवर ओरडली. "दार उघडा! मी आत अडकलेय!"

हाक पलीकडच्या खोलीतून जात होती. ती जिथे नव्हतीच, तिथून.

फोनवर तीन वाजून दहा मिनिटं झाली. ढोल्या कधी उशीर करत नाही, ती मनाला समजावत होती. आलाच असेल... आता उघडेल... आता...

तीन वीस.

ती दमून जमिनीवर बसली. गिटार काढून समोर ठेवली. दोन्ही हात काखेत दाबून धरले.

आणि पलीकडे बेस वाजायला लागला.

तिने हात लावलेला नव्हता. तारा स्तब्ध होत्या. पण पलीकडे नवं गाणं सुरू झालं होतं... पहिल्यापासून शेवटपर्यंत. अडखळणं नाही. चूक नाही.

मग वाजवणं थांबलं, आणि पलीकडे तिचा आवाज बोलू लागला. हळू. समजुतीच्या सुरात. शब्द कळत नव्हते. एवढंच कळत होतं की तो कुणाशी तरी बोलतोय. मध्येच थांबतोय, समोरच्याचं ऐकून घेतोय.

तिने भिंतीचा फोम नखांनी ओरबाडला. नखं रक्ताळली. साधं खरवडल्याचासुद्धा आवाज झाला नाही.

तीन वाजून पंचेचाळीस मिनिटांनी दार उघडलं.

दारात ढोल्या उभा होता. चेहरा पांढराफटक. आणि दार उघडल्याबरोबर तिची किंकाळी तिच्याच कानावर आदळली... कितीतरी वेळाने. ती त्याला ढकलून जिना चढली आणि थेट उन्हात जाऊन उभी राहिली.

दार बाहेरून बंद नव्हतंच. नुसतं लोटलं असतं तरी उघडलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती गिटार आणायला गेली, तेव्हा वरचा वॉचमन सहज बोलून गेला, "तुमचे ड्रमवाले काल बरोबर तीनला खाली गेले होते की."

आत्याने ढोल्याला गाठलं. "पाऊण तास तू बोळात काय करत होतास?"

त्याने मान खाली घातली.

"मी आत मरत होते. तुला काही ऐकू आलं नाही?"

"नाही," तो म्हणाला. मान वर केली नाही.

चौदा वर्षांची मैत्री त्या दिवशी तुटली. तिने बँड सोडला. ढोल्याचं नाव घरात काढायचं नाही, असा दंडकच झाला.

हे सगळं मला माहीत होतं. पण गेल्या महिन्यात मला ढोल्या भेटला, वाद्यांच्या दुकानात. आणखी वाळला होता. मी तोंड फिरवून निघालो होतो, तर त्याने माझा दंड धरला.

"ऐकून घे," तो म्हणाला. "मग हवं तर शिव्या घाल."

त्याने सांगितलं ते असं.

तो तीनला खाली उतरला, तेव्हा अडगळीच्या खोलीतून आत्याच्या हाका येत होत्या. बाहेर कुलूप. ते ओढून पाहिलं. हलेना. तो प्रॅक्टिसच्या खोलीकडे वळला, दाराला हात लावणार, एवढ्यात मागून, अडगळीच्या खोलीतूनच, ती कुजबुजली...

"ती खोली उघडू नकोस. मी इकडे आहे."

"मग तिकडे कोण आहे?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही. माझ्यासारखंच दिसतं."

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. मग सोबत आणलेल्या झांजेच्या स्टँडचा लोखंडी पाय काढून त्याने अडगळीच्या दाराचा कोयंडा उचकटायला घेतला. अर्धा तास लागला. ती आतून त्याला धीर देत होती. त्याच्या मुलीची चौकशी करत होती. मध्ये तिने बेसही वाजवला, "तू घाबरू नयेस म्हणून," म्हणाली.

कोयंडा निखळला. दार उघडलं.

आत मोडक्या खुर्च्या. त्यांच्यावर बोटभर धूळ. कुणाच्या पावलाचा ठसा नाही.

मग त्याने दुसरं दार उघडलं. दुसरं करणार काय?

"तिला का नाही सांगितलंत हे?" मी विचारलं.

"काय सांगू? की अडगळीच्या खोलीतून तूच मला म्हणालीस, तिला बाहेर काढू नकोस?" त्याचे डोळे भरून आले. "शिव्या खाल्लेल्या परवडल्या."

मी निघालो, तेव्हा त्याने मागून विचारलं, "आत्या बरी आहे ना रे? म्हणजे... तशीच आहे ना? आधीसारखी?"

"हो," मी म्हणालो. लगेच म्हणालो.

घरी पोचलो. बेल वाजवली. रविवार होता, आत्या आमच्याकडेच आली होती. तिनेच दार उघडलं.

"किती उशीर केलास," ती हसून म्हणाली. "ये ना आत."

मी बाहेरच उभा राहिलो.