आडवेळची वाळू

शुभ्रवेळ गोल्फ रिसॉर्टची प्रयोगशाळा म्हणजे पूर्वीची खेळाडूंच्या पिशव्या ठेवायची खोली. सन २०४६च्या फेब्रुवारीत डॉ. हेमांगी सबनीस तिथे टेबलावर वाळूचा एक ठोकळा ठेवून त्यावर हातोडी मारत होती. ठोकळा फुटत नव्हता. समोर बसलेले किनारा-अभ्यासक डॉ. नासिर मुकादम मात्र खूश होण्याऐवजी जास्तच गंभीर होत चालले होते.

"पाहिलंत सर?" हेमांगी म्हणाली. "नुसती वाळू आहे. ना सिमेंट, ना चुना."

ती सांगत होती ते खरं होतं. शुभ्रवेळचं मैदान लिंक्स पद्धतीचं, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर, निसर्गाने दिलेले चढउतार तसेच ठेवून वसवलेलं. श्रीमंत माणसाला सपाट जमिनीचा कंटाळा येतो आणि चढणीवर चालायचाही येतो, म्हणून चढ समुद्राकाठी आणि गाडी बॅटरीवर चालणारी, अशी तडजोड. पण वाळूची टेकडी एका जागी बसत नाही आणि समुद्र दर वर्षी चढत होता. पाचव्या होलपासून नवव्यापर्यंतची हिरवळ समुद्रात जायची वेळ आली, तेव्हा हेमांगीला पुण्याहून बोलावून घेतलं गेलं. तिने वालुकाबंध नावाचा जिवाणू घडवला. तो गवताच्या मुळांशी राहतो, मुळांतून झिरपणारी साखर खातो आणि तिचा डिंक करतो. डिंकाने वाळूचा कण कणाला चिकटतो. पाणी आरपार जातं, कण हलत नाही. डिंक झिजला की जिवाणू नवा तयार करतो. चार वर्षांत टेकडी तसूभरही ढळली नव्हती.

"तू टेकडी वाचवलीस," मुकादम म्हणाले, "आणि किनारा मारलास. हेमांगी, टेकडी हे किनाऱ्याचं कोठार असतं. पावसाळ्यात लाटा टेकडीचा पायथा कापतात आणि ती वाळू आत नेऊन पाण्याखाली तिचा बांध घालतात. मोठी लाट त्या बांधावर फुटते, काठापर्यंत पोचत नाही. दिवाळीनंतर शांत लाटा तीच वाळू परत आणून टाकतात. टेकडी झिजते म्हणून किनारा टिकतो. तुझी टेकडी एक कण सोडायला तयार नाही. मग बांध कशाचा होणार?"

हेमांगीने हातोडी खाली ठेवली. "मग लाट कुठे फुटते?"

"काठावर. जिथे वाळू सुटी आहे तिथे. तुमचा आणि आडवेळचा किनारा एकच आहे, चंद्रकोरीची दोन टोकं. उत्तर टोकाला तुमचं मैदान, दक्षिण टोकाला गाव."

आडवेळ म्हणजे गाबितांची, मासेमारी करणाऱ्यांची, चौऱ्याहत्तर घरं. मैदानाची देखभाल करणारे बावीस कामगार तिथलेच, आणि त्यांचे मुकादम... नाही, घोटाळा नको, त्यांचे म्होरके रघुवीर कुबल हेही तिथलेच. शुभ्रवेळला आल्यावर पहिलं वर्ष हेमांगी कुबलांच्याच घरात भाड्याने राहिली होती. त्यांच्या बायकोच्या हातचं तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं खाऊन तिने पाच किलो वजन वाढवलं होतं. पुढे रिसॉर्टने खोली दिली, काम वाढलं आणि तिची पावलं आडवेळकडे वळायची थांबली.

"किती गेलाय तिथला किनारा?" तिने विचारलं.

"माझ्या गणिताप्रमाणे तीन पावसाळ्यांत तीस मीटर जायला हवा होता. उपग्रहाच्या छायाचित्रांत चारच दिसतो. लाटांचा जोर मी जरा जास्त धरला असणार. तो कमी करून आकडे जुळवून घेतले. पण दिशा तीच आहे. पाच-सहा वर्षांत गाव राहणार नाही."

आकडे जुळवून घेतले असं एक शास्त्रज्ञ म्हणाला की दुसऱ्याने कान टवकारायला हवेत. हेमांगीने टवकारले नाहीत. तिच्या डोळ्यांपुढे कुबलांची पडवी होती. हे आपण केलं, एवढंच तिला कळत होतं.

"टेकडी सोडवता येईल," ती शेवटी म्हणाली. "जिवाणूला खाणारा विषाणू असतो. जिवाणूभक्षक. तो वालुकाबंधात शिरून वाढतो, त्याला फोडतो, आणि वाटेतला डिंकही विरघळवतो. बाकी कशालाही हात लावत नाही. खायला जिवाणू उरला नाही की आपोआप संपतो."

"जिवाणू त्याला पचवायला शिकला तर?"

"शिकणार नाही. डिंक ज्या दारातून बाहेर पडतो, त्याच दारातून भक्षक शिरतो. दार बंद केलं तर डिंकही बंद. मी जिवाणू घडवला तेव्हाच ही सोय करून ठेवली होती." बोलताना तिच्या आवाजात थोडा अभिमान डोकावला. तो तेव्हा रास्त होता.

मॅनेजर देवस्थळी पाच होल समुद्राला द्यायला तयार होतील असं दोघांनाही वाटलं नव्हतं. पण देवस्थळींनी गावाचं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "म्हणजे आपल्यापुढेही पुळण परत येईल?" पाहुण्यांना खोलीतून उतरून पाय भिजवायला वाळू नव्हती, नुसती भिंतीसारखी उभी टेकडी होती, आणि तशा तक्रारी वाढत होत्या. येईल म्हटल्यावर त्यांनी त्याच दिवशी परवानगी दिली. गाव वाचवायला कारण पुळणीचं मिळालं, पण मिळालं.

मार्चमध्ये कुबलांच्या माणसांनी पाठीवर पंप बांधून पाच होलांवर भक्षक फवारला. मैदानाचा बाकीचा भाग शाबूत राहावा म्हणून हेमांगीने वाटेवर औषधाच्या पाण्याची पसरट भांडी ठेवली. खेळाडूंनी बूट बुडवायचे, गाडीची चाकंही त्यातून न्यायची. कामगारांचे गमबूट रोज धुऊन शेडमध्येच राहत. तीन आठवड्यांत टेकडीच्या तोंडावरची वाळू सळसळत खाली येऊ लागली. चांगलं काम होताना दिसतं तसं ते दिसत होतं. हेमांगी स्वतः आडवेळच्या देवळात गेली आणि जमलेल्या लोकांना म्हणाली, "आता काळजी करू नका. दोन-तीन वर्षांत तुमच्यापुढची पुळण परत येईल." बायांनी तिच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. संध्याकाळचं उन्ह डोळ्यांवर येत होतं, सगळे घाईत होते, आणि देवळाच्या पलीकडे समुद्राकडे ती गेली नाही.

मुकादम गेले. मे महिन्याच्या मध्यावर, पावसाळ्याआधीची मोजमापं घ्यायला. तिथून त्यांचा फोन आला. "हेमांगी, आहेस तशी ये."

घरांच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, उतरती पुळण असायला हवी होती. तिथे चार मीटरचा उभा कडा होता. कड्याच्या माथ्यावर, प्रत्येक अंगणापुढे, बारीक पात्याचं दाट गवत पसरलं होतं. ते गवत कोकणातलं नव्हतं.

मुकादमांनी लोखंडी गज एका जागी वाळूत रोवून दाखवला. दोन बोटंही आत गेला नाही. दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा रोवला. तो मुठीपर्यंत गेला.

"माझं गणित बरोबर होतं," ते म्हणाले. "तीस मीटर जायला हवा होता, पण हे गेलं नाही कारण हे चिकटलेलं होतं. कोणी लावलं हे?"

कुबल पडवीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आमीच," ते म्हणाले.

गोल्फमध्ये फटका मारला की काठीबरोबर हिरवळीचा एक टवका उडतो. तो उचलून परत जागेवर बसवायचा आणि पायाने दाबायचा, अशी या खेळातली रीत आहे. शुभ्रवेळचे पाहुणे वाकत नसत. मग संध्याकाळी कुबलांची माणसं टोपल्या घेऊन फिरत, टवके गोळा करत आणि खड्ड्यांत वाळू-बी भरत. गोळा केलेले टवके भट्टीत जाळायचे, असा हेमांगीचा सक्त नियम होता. जिवाणू मैदानाबाहेर जाता कामा नये.

"तुम्ही तर रोज सांगायचात, जाळले म्हणून," हेमांगी म्हणाली.

"जिता गवत तां, मॅडम. मुळासकट. जाळूचा कसा?" कुबल म्हणाले. "तुमची टेकडी उधाणात हलना नाय, तां आमी बघी होतंव. हय दर पावसाक कोणाचा तरी अंगण जाय. मगे टोपलेभर टवके हय हाडले, लावले. रुजले. तीन पावसाळे एकाचा घर गेला नाय. चोरी ती चोरीच. तुमका सांगूक धीर झालो नाय."

गेल्या तीन वर्षांत हे गाव तिच्या जिवाणूने उभं ठेवलं होतं, आणि ज्यांनी ते केलं त्यांच्याच हातात तिने त्याला मारायचं औषध दिलं होतं.

"गमबूट शेडमध्ये राहतात," ती हळूच म्हणाली. "घरी कसे येता तुम्ही?"

"टेकडीच्या पायथ्यान, त्या सुटलेल्या वाळूतना. अनवाणी." कुबलांनी आपल्या पायांकडे पाहिलं. ते हुशार गृहस्थ होते, पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. "मगे ती कीड हय इली?"

"आली," मुकादम म्हणाले. "जिथे गज आत गेला, तिथपर्यंत आली."

"थांबवा."

"काका, ती थांबत नाही," हेमांगी म्हणाली. "जिवाणू संपेपर्यंत थांबणार नाही अशीच मी ती केली आहे. नवा जिवाणू आणून टाकला तर तोही खाईल. वेगळा घडवायला मला दीड वर्ष लागेल."

मुकादमांनी वहीच्या पानावर एक रेघ काढली. सुट्या वाळूचा एक स्थिरकोन असतो. त्याहून जास्त उभी ती राहूच शकत नाही, ढासळत ढासळत त्या कोनावर येते. इथला कडा उभा होता, कारण तीन वर्षं समुद्राने पायथा खाल्ला आणि डिंकाने माथा धरून ठेवला. डिंक गेला की कडा त्या कोनावर येणार, मग लाटा पायथा नेणार, मग तो पुन्हा ढासळणार. रेघ घरांच्या तिन्ही रांगा ओलांडून देवळामागे टेकली. टेकडीच्या सुट्या वाळूचा बांध समुद्रात तयार व्हायला निदान दोन पावसाळे हवे होते. इथे एकही हातात नव्हता.

"बाय," कुबल म्हणाले. इतक्या वर्षांत मॅडम सोडून दुसरी हाक त्यांनी तिला मारली नव्हती. "गाव ऱ्हवतलो काय नाय, तितक्याच सांग."

"नाही राहणार, काका."

लोकांना पटवायला जास्त वेळ गेला. महिन्याभरापूर्वी हीच बाई देवळात उभी राहून काळजी करू नका म्हणाली होती. आता हीच घरं सोडा म्हणत होती. एका म्हाताऱ्याने तिला तोंडावर विचारलं, "तुझा नेमका खरां काय?" शेवटी कुबलांनी गज घेतला आणि घराघरापुढे रोवून दाखवला. दर दिवशी तो थोडा जास्त आत जात होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात लोक भांडीकुंडी आणि जाळी घेऊन सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, शाळेत राहायला गेले. हेमांगीने कुबलांच्या बायकोबरोबर पितळी हंडे उचलले.

अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी, पहिली रांग गेली. मोठा आवाज झाला नाही. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती वाळूबरोबर घसरल्या आणि पाणी तांबडं झालं. जुलै संपेपर्यंत दुसरी आणि तिसरी रांग गेली. नारळी पौर्णिमेला गाबितांनी सड्याच्या कड्यावरून नारळ फेकला, कारण उतरून जायला किनारा नव्हता. कोणी मेलं नाही. सरकारी अहवालात जीवितहानी नाही असं लिहिलं गेलं आणि ते खरंही होतं.

पावसाळ्यानंतर पुण्याला गेलेली हेमांगी डिसेंबरात परत आली. शुभ्रवेळपुढे पुळण आली होती. मुकादमांनी सांगितलं होतं तशीच, रुंद आणि मऊ. पावसाळी लाटा नैर्ऋत्येकडून येतात, दक्षिणेची वाळू उत्तरेला ढकलतात, आणि दिवाळीनंतर शांत समुद्र ती जिथे सोपं पडेल तिथे टाकतो. इथे टेकडीचा उतार तिची वाट पाहत होता. आडवेळला टाकायला काठच उरला नव्हता. मुकादम नवं गणित करून बसले होते आणि या वेळी आकडे न जुळवताच जुळले होते.

देवस्थळींना नव्या वाळूचा रंग फार आवडला होता. फिकट गुलाबी. त्यांनी ती उरलेल्या होलांजवळच्या बंकरमध्ये, म्हणजे चेंडू अडकावा म्हणून मुद्दाम ठेवलेल्या वाळूच्या खड्ड्यांत, भरून घेतली होती. हेमांगीने चिमूटभर तळहातावर घेऊन भिंगाखाली पाहिली. पांढऱ्या कणांत तांबडे कण होते, जांभ्याचे, कडा घासून गोल झालेले.

कुबल त्याच बंकरमध्ये दंताळं फिरवत होते. बाकी कुठे जाणार? त्यांनी तिच्या हातातल्या भिंगाकडे पाहिलं.

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. "पयल्याच दिसाक वळाखलंय."

ती तिथेच काठावर बसली आणि रडली. ते दंताळं फिरवत राहिले.

एवढ्यात दोन पाहुणे चेंडू शोधत आले. त्यातल्या एकाने ओंजळभर वाळू उचलून बोटांतून गाळली. "काय रंग आहे हो! कुठून आणली ही वाळू?"

कुबलांनी हात वर करून दक्षिणेकडे दाखवलं. पाहुण्याने डोळ्यांवर हात धरून तिकडे पाहिलं. तिकडे पाणी होतं.

"समुद्रातून काढली होय?"

"होय," कुबल म्हणाले, "समुद्रातनाच," आणि त्यांनी पाहुण्यांच्या पावलांचे ठसे दंताळ्याने पुसून टाकले.