तिसऱ्या तारेचा गंधार

"मोबाइल खाली ठेवा आधी. अस्मी, तूसुद्धा. टॉर्च लावून कुणी असल्या गोष्टी ऐकतं का?" अमिरातीतल्या खोर फक्कानच्या किनाऱ्यावर शेगडीतले निखारे विझत आले होते. अण्णासाहेबांनी खुर्ची पोरांच्या जवळ ओढली. "आणि ही ऐकीव थाप नाही हं. सत्यजितला मी चांगला ओळखतो. फुजैराला बंदरात सर्व्हेयर आहे. त्याच्या घरी घडलेलं सांगतो."

गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा शुक्रवार. संध्याकाळी सत्यजित दुबईला, करामातल्या बाजारात गेला होता. काळे तीळ नि दर्भ घ्यायचे होते आणि गिटारच्या तारांचा एक सेट. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचं, नीलिमाचं वर्षश्राद्ध. दुकानात तीळ मागताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. ती गेली तेव्हाही तो रडला नव्हता. लोक म्हणायचे, काय खंबीर माणूस! खंबीर कसला डोंबलाचा, बधिर झाला होता बिचारा. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की आपलाच गाल परक्याचा वाटतो ना, तसा.

त्याची गिटारही साधी नव्हे. अंग सगळं स्टीलचं, पोटात पातळ पत्र्याची मोठी वाटी. जरा खुट्ट झालं तरी घुमायची. नीलिमा ओट्याशी एक चाल गुणगुणायची. शब्द नाहीत, कुठून आली ठाऊक नाही, तिची तिचीच. आणि भिंतीवर टांगलेल्या गिटारची तिसरी तार आपोआप झंकारायची. सूर जुळला की तार बोलते, त्यात भूतबीत काही नाही. नीलिमा हसायची, "बघ, मला साथ देतेय!"

तर, तिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. फुजैरात कावळ्यांना काय तोटा? झाडभर बसले होते, पण एकही खाली उतरेना. गुरुजी म्हणाले, "काहीतरी राहिलंय त्यांचं. शब्द द्या." सत्यजितनं हात जोडले. "नीले, वर्षश्राद्धाला तुझी चाल वाजवीन. अगदी तुझ्यासारखी." लगेच शिवला कावळा.

शब्द दिला खरा, पण चाल काही हाताला लागेना. त्या गिटारच्या तारा सा, प, सा, ग, प, सा अशा लावायच्या आणि बोटात काचेची नळी घालून त्यांवरून फिरवायची. सगळा घोळ बारीक तारेकडून तिसऱ्या तारेचा, गंधाराचा. शुद्ध लावला की चाल लग्नातल्या बँडसारखी खिदळायची. कोमल लावला की नुसती रडारड. नीलिमाची चाल उदास होती रे, पण रडकी नव्हती! वर्षभर तो खुंट्या पिळत बसला.

त्या शुक्रवारी रात्री त्यानं नव्या तारा चढवल्या. पर्णिका, त्याची कॉलेजातली मुलगी, दारात उभी होती. "बाबा, प्लीज, नॉट द सॅड वन. उद्या सगळे येणार आहेत."

सत्यजितनं शुद्ध गंधार लावला. "खलास. कुणाला काय कळतंय!" असं म्हणून गिटार भिंतीवर टांगली आणि दिवा मालवला.

हे बोलायला नको होतं त्यानं.

मध्यरात्र उलटल्यावर त्याला जाग आली. एसी बंद होता. बाहेर वारा नाही. आणि हॉलमध्ये...

किर्र...

दार नव्हतं ते. खुंटी पिळताना करकरते, तो आवाज.

तो उठला. पर्णिकाच्या खोलीत डोकावला. ती गाढ झोपलेली.

मग हॉलमध्ये कोण?

किर्र...

तो हॉलच्या दाराशी आला. दिव्याच्या बटणाकडे हात न्यायचा होता. हात उचलेना.

आवाज थांबला.

आणि तिसरी तार वाजली. छेडल्यासारखी नाही. झंकारल्यासारखी.

"अंकल, वेट," तनिष हळूच म्हणाला. "ती तर... कुणी गुणगुणलं तरच वाजते ना?"

कुणीतरी शाल ओढून घेतली.

सत्यजितचं तोंड मिटलेलं होतं. कानाला कुणाचं गाणं ऐकू येत नव्हतं. तार मात्र साथ देत होती. चालीत जिथे गंधार यायचा, तिथे झंकार. मग शांत. पुन्हा गंधार, पुन्हा झंकार. ओळ संपली की श्वास घेण्याइतकी थांबायची...

"नीले?"

तार गप्प झाली.

सकाळी त्यानं ट्यूनर लावून पाहिला. काटा शुद्धावर नव्हता. कोमलावरही नव्हता. दोघांच्या मधेच कुठेतरी. त्यानं खुंटीला हात लावला नाही. पानं वाढली, गच्चीवर कावळ्याचा घास ठेवला आणि वाजवायला बसला.

चाल तिचीच होती. हुबेहूब. पर्णिका "आई" एवढंच म्हणाली. सत्यजितनं चाल शेवटपर्यंत वाजवली, नळी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडला. वर्षभराचं साठलेलं होतं.

"सो शी वॉज हॅपी? दॅट्स इट?" अस्मीनं विचारलं.

"अगं, ऐक तर."

यंदा जूनमध्ये ती तार तुटली. पर्णिका सुट्टीला पुण्यात होती. सत्यजितनं नवी तार खुंटीत नुसती ओवली, तोवर बंदरातून फोन आला. सैल, लोंबती तार तशीच ठेवून त्यानं दाराला कुलूप घातलं आणि गेला. रात्रभर जहाजावर होता.

सकाळी येऊन कुलूप उघडलं.

तार ताणलेली होती. त्यानं ट्यूनर लावला नाही. नखानं नुसती टिचकी मारली...

तोच गंधार.