जाहिरातीतले बाबा

फोटोवाल्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा अण्णा खिडकीत बसून शर्टाला बटण लावत होते. बायको गेल्यावर म्हातारपणी एवढी एक विद्या त्यांच्या पदरात पडली होती.

"काका, बाबांचा स्टुडिओ मोडीत काढतोय," तो म्हणाला. "वरच्या खोलीत तुमच्या त्या जाहिरातीचा मोठा फोटो आहे. न्यायचा असेल तर आजच या. उद्या भंगारवाला येणार आहे."

एवढं मोठं धूड बसमधून कसं आणणार? अण्णांनी भीत भीत मुलीला फोन लावला. "दुपारी गाडी घेऊन येते," एवढंच ती म्हणाली. दोघांचं बोलणं हल्ली असंच, तारेच्या मजकुरासारखं झालं होतं.

अण्णा तरुणपणी एका कारखान्याचं गोदाम सांभाळायचे. उंच, रुंद खांद्यांचा, नाकीडोळी नीटस गडी. एका फोटोवाल्याने त्यांना बसथांब्यावर हेरलं आणि शर्टाच्या जाहिरातीसाठी उभं केलं. चित्र साधंच होतं. पांढराशुभ्र शर्ट घातलेला नवरा संध्याकाळी घरी येतो, बायको हसून दार उघडते आणि चिमुरडी पोर धावत येऊन त्याला बिलगते. खाली ठळक अक्षरं: 'पुरुष असावा तर असा!'

शर्ट खरं तर ढगळ होता. फोटोवाल्याने तो पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावून अंगाबरोबर बसवला होता. समोरून राजबिंडा आणि मागून दोरीवर वाळत घातलेलं धुणं! ते आठवून अण्णा अजूनही गालात हसायचे.

त्या जाहिरातीची पाटी गावच्या मोठ्या चौकात कित्येक वर्षं झळकली. कारखान्यात त्यांना 'हिरो' नाव पडलं. अनोळखी माणसं वळून बघायची. अण्णाही मग त्याच कंपनीचे शर्ट घेऊ लागले. चालणं, उभं राहणं, मान किंचित तिरकी करून हसणं, सगळं पाटीवरच्या माणसाकडून उसनं घेतलं. दिवसभर ते सोंग वागवायचं म्हणजे थट्टा नव्हती. घरी पोचेपर्यंत हसू संपलेलं असायचं. मग चपला एका बाजूला, पिशवी दुसऱ्या बाजूला आणि कुणी बोललं की खेकसणं.

मुलीची शाळेची वाट त्याच चौकातून जायची. एकदा तिने आईला विचारलं होतं, "आई, ते बाबा आपल्याकडे का येत नाहीत गं?" बायकोने हसत हसत हे त्यांना सांगितलं होतं. अण्णांना काही हसू आलं नव्हतं. पोरीने बापाला 'बाबा' कधी म्हटलंच नाही. ते पाटीवरचे. घरात होते ते अण्णा.

आणि बायको गेली त्या दिवशी मुलगी गळ्यात पडून रडायला लागली, तेव्हा हे खांद्यावर हात ठेवायचा सोडून म्हणाले होते, "आवर आता. लोक बघतायत."

तेव्हापासून तारेची भाषा.

स्टुडिओच्या दारात गाडी थांबली. "मी इथेच बसते," ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली. खाली फोटोवाल्याचा मुलगा खोक्यांना दोऱ्या बांधत होता. "वर जा काका, दार उघडंच आहे. मी हे आटोपून फोटो खाली घ्यायला येतो."

जिना चढताना गुडघे कुरकुरत होते, पण मन मात्र हलकं झालं होतं. वरच्या खोलीच्या खिडक्यांना काळं कापड होतं. डोळे सरावले तसं एकेक दिसू लागलं. कॅमेऱ्याची तिवई, मोठाले दिवे, भिंतीशी टेकवलेला फोटो. आणि खोलीच्या मधोमध… जाहिरातीतलं ते घर. अजून तसंच उभं. सोफा, रंगवलेल्या खिडकीत रंगवलेली संध्याकाळ आणि लाकडी चौकटीत बसवलेलं एक दार. त्याच्या मागे काहीच नव्हतं. फोटोच्या दिवशी अण्णा त्याच दारातून पुन्हा पुन्हा 'घरी' आले होते. कितव्यांदा तरी आल्यावर ती पोर, कुणा परक्याचीच, त्यांचं बोट सोडेना. "आत्ता येतो हं," असं सांगून त्यांनी ते सोडवून घेतलं होतं.

काय मनात आलं कुणास ठाऊक. अण्णा दाराच्या मागे गेले, शर्ट नीट केला, मान तिरकी केली आणि दार ढकलून आत आले.

आधी वास आला. खळ घातलेल्या कापडावर गरम इस्त्री फिरवल्याचा. मग उजेड आला, अंगावर ऊब आली. तिवईजवळचे दिवे तर विझलेलेच होते.

"आलात?" एक बाई हळूच म्हणाली. "वाढू का जेवायला?"

त्यांच्या मांडीला दोन लहान हात घट्ट बिलगले.

"बाबा… तुम्ही 'आत्ता येतो' म्हणाला होतात."

अण्णांनी खाली पाहिलं नाही. पाहवेना. पण ते हात गार नव्हते, आणि भीतीच्या तळाशी काहीतरी इतकं गोड वाटलं की डोळे भरून आले. असं कुणी त्यांना कधी बिलगलं नव्हतं. की त्यांनीच बिलगू दिलं नव्हतं…

"थांबाल ना आता?"

सोफ्यावरून कुणीतरी उठलं. पाठमोरा, उंच, रुंद खांद्यांचा. पांढऱ्या शर्टाला पाठीवर चिमट्यांची ओळ. तो न वळता दाराशी गेला.

"तुम्ही बसा," तो म्हणाला. आवाज अण्णांचाच होता, तरणाताठा. "मी जरा जाऊन येतो…"

दार लागलं. पाठोपाठ जिन्यावर पावलं वाजत गेली, भराभर. गुडघे न कुरकुरणाऱ्या माणसाची.

अण्णांना ओरडायचं होतं. तोंड हलेना. ओठ हसूच्या आकारात ताणलेले, मान तिरकी, एक पाय पुढे. मांडीवरचे हात घट्ट होत गेले. रंगवलेल्या खिडकीतली संध्याकाळ काही केल्या मावळेना. किती वेळ गेला, त्यांना सांगता आलं नसतं.

"काका?"

खटकन दिवा लागला. खोलीत धूळ, मोडका सोफा आणि दारात फोटोवाल्याचा मुलगा. तो गोंधळून बघत होता.

"तुम्ही परत वर कधी आलात? मघाशी तर खाली उतरताना पाहिलं. मी हाकही मारली, पण तुम्ही नुसतेच हसलात."

अण्णांनी फोटोकडे पाहिलंही नाही. "राहू दे तो. जाऊ दे भंगारात," एवढं म्हणून ते कठडा धरत धरत खाली आले. डोक्यात एकच गोष्ट होती: पोरगी गाडीत एकटी आहे.

ती एकटीच होती. डोळे रडून लाल झालेले, पण चेहरा असा निवळलेला की लहानपणानंतर त्यांनी तसा पाहिलाच नव्हता.

"वर राहिलेलं आणायला गेलात ना, मिळालं का, बाबा?"

अण्णा दार धरून उभेच राहिले. "काय म्हणालीस?"

"बसा ना. तुम्हीच तर म्हणालात, आता बाबा म्हण." तिने नाक पुसलं. "इतकी वर्षं का नाही हो बोललात असं? आई गेली तेव्हा तुम्हालाही रडायचं होतं, हे तेव्हाच सांगितलं असतंत, तर मी ते मनात कशाला धरून बसले असते?"

खरं होतं ते. अक्षर न् अक्षर खरं होतं. पण ते अण्णांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

ते शेजारच्या सीटवर बसले. सीट गरम होती.

'तो मी नव्हतो,' एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात पोरीने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला, आणि अण्णांनी ते शब्द गिळून टाकले. माया दुसऱ्याने मिळवून दिली म्हणून ती कोण परत करतं?

गाडी चौक ओलांडून त्यांच्या गल्लीकडे वळली. ती खूप दिवसांनी भरभरून बोलत होती. नवऱ्याबद्दल, घराबद्दल, रिकाम्या पडलेल्या मागच्या खोलीबद्दल.

"उद्या सकाळीच न्यायला येते. कायमचं यायचं, ठरलं ना आपलं? खोली आजच आवरून घेते. पलंगही दोन लावते."

"दोन?" अण्णा तिच्याकडे वळले. "दोन… कशाला गं?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती प्रेमाने हसली.

"असं काय करता? तुम्हीच नाही का म्हणालात, 'आम्ही दोघं येऊ, दोघांची सोय कर' म्हणून? मला वाटलं, आईचा फोटो बरोबर आणायचा, आणि तिचा पलंगही शेजारी हवा म्हणताय… तसंच ना, बाबा?"