बाबांच्या खांद्यावर

लग्नाच्या, वाढदिवसाच्या चित्रफिती जुळवण्यात त्याची निम्मी हयात गेली होती, पण बाबांचं शेवटचं चित्रण हाती घ्यायला त्याला धीर होत नव्हता. अखेर धाकट्या बहिणीसाठी त्याने ते घेतलं. बाबा गेले तेव्हा ती परगावी तापाने फणफणली होती. तिला त्यांचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं.

दुपार होती, पण आभाळ भरून आल्याने खोलीत दिवा लावावा लागला. फोनवर पाठवता यावी म्हणून त्याने आधी लहान फाइल एक्स्पोर्ट केली. शेजारी बसलेल्या बहिणीने ती पाहिली आणि मान हलवली.

"दादा, डोळेच दिसत नाहीत रे. सगळं पुसट."

"दाबून लहान केलीय ना. थांब, शूट केलंय तसंच्या तसं काढतो. फाइल मोठी झाली तर होऊ दे."

रिझोल्यूशन मूळ चित्रणाइतकं ठेवून, बारकावे दाबले जाऊ नयेत म्हणून त्याने बिटरेट चढवला. पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. संगणकाचा पंखा घरघरत राहिला. मध्येच आजाऱ्याच्या खोलीतला तो कोंदट, औषधी वास आल्यासारखं वाटलं.

पडद्यावर बाबा आले. खुर्चीत बसलेले, दाढीचा खुंट न् खुंट दिसावा इतके स्पष्ट. आणि त्यांच्या खांद्यावर एक हात.

"दादा... तिथे कोण होतं?"

"कुणीच नाही. मी कॅमेऱ्यामागे. खुर्ची तर भिंतीला टेकलेली."

त्याने मूळ चित्रण उघडलं. खांदा मोकळा होता. बाबा नुसतेच मान कलती करत होते. त्याने पुन्हा एक्स्पोर्ट केलं. हात होताच, आणि बाबांनी त्यावर गाल टेकवला होता.

बहीण पडद्याजवळ सरकली.

"करंगळी बघ..."

लहानपणी दारात चेंगरून तिची करंगळी वाकडी झाली होती. तिने आपला हात पडद्याशेजारी धरला. वाक तोच, नखही तसंच अर्धं. फक्त पडद्यावरची कातडी सुरकुतलेली होती, सत्तरी उलटलेल्या बाईची असावी तशी.

"म्हणजे मी पोचले, दादा... कधीतरी पोचले," ती म्हणाली आणि शांतपणे रडू लागली.

तो हूं म्हणाला. त्या म्हाताऱ्या हाताच्या अंगठ्यात चांदीची जाड, पुरुषी अंगठी होती. तसली एकच त्याने घडवून घेतली होती, आणि माऊसवरच्या त्याच्या बोटात ती इतकी रुतली होती की साबण लावूनही निघत नसे. तो जिवंत असेतो ती निघणार नव्हती.

बहिणीला ती अजून दिसली नव्हती. त्याने हळूच पडदा बंद केला.