अर्धी कुपी

घोडतळावरच्या एकाही घोड्याची शेपटी हलत नव्हती.

पशुवैद्य डॉ. नीलाक्षी भोपीला हे लगेच कळलं नाही. तिची नजर आधी गेली ती गळपट्ट्यांवर. प्रत्येक पट्टीवरचा दिवा हिरवा होता. डोंगरमाथ्यावरच्या या गावात मोटारींना बंदी. माणसांपासून सिमेंटच्या गोणींपर्यंत सगळं घोड्यांच्या पाठीवरूनच वर यायचं. आणि ज्यांना पट्टी होती ते सगळे घोडे निरोगी आहेत, असं दिवे सांगत होते. तरी काहीतरी खटकत होतं. मग एका घोड्याच्या पोटाला चिकटलेली गोमाशी तिला दिसली. माशी रक्त पिऊन फुगत चालली होती. घोड्याची कातडी थरथरली नाही, त्याने पाय आपटला नाही.

“कोंडूकाका, ह्यांना माश्या चावत नाहीत का?”

कोंडू ढेबे आपल्या तांबड्या घोडीला, मैनेला, खरारा करत होता. “चावत्यात की. पन आता वळख झालीया. पावन्याला कोन हाकलतं?”

बाकीचे घोडेवाले हसले. नीलाक्षीही हसली, पण तिने माशी चिरडली तेव्हा बोट लाल झालं.

एका घोड्याच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात गोमाशी जो रोग नेते, तो सर्रा. त्याचा जंतू म्हणजे ट्रायपॅनोसोम, बारीक तंतू हलवत पोहणारा एकपेशीय जीव. शरीर त्याला ओळखायला लागेपर्यंत तो आपलं आवरण बदलून टाकतो. ताप उतरतो, पुन्हा चढतो, आणि घोडा वाळत जातो. जुनी इंजेक्शनं जंतूला मारायची, पण घोड्यालाही हलवून सोडायची. शिवाय डोस कमी पडला तर जे जंतू तगायचे, त्यांच्या पुढच्या पिढ्यांना ते औषध लागूच पडायचं नाही.

पट्टीतल्या नव्या औषधाचं, शांतकाचं, तसं नव्हतं. रक्तात दाटी झाली की हे जंतू एक रसायन सोडून एकमेकांना कळवतात, की पुरे, आता वाढू नका. शांतक ही त्या रसायनाची नक्कल. गळपट्टीतली केसाएवढी सुई रक्त तपासायची आणि कुपीतलं शांतक थेंबाथेंबाने आत सोडायची. दाटी नसताना जंतूंना दाटीचा भास व्हायचा, ते वाढायचे थांबायचे आणि म्हातारे होऊन संपायचे. घोड्याला काडीचाही त्रास नाही. पदवी मिळाल्यावर नीलाक्षीने ह्या पट्ट्या बसवण्याचं काम मोठ्या हौसेने घेतलं होतं.

ऊन कलायला लागलं तशी मैनेने मान वर केली. त्याच क्षणी सगळ्या घोड्यांनी केली. मग कोणी हाकलं नसताना ते एकामागून एक तळ्याच्या वाटेला लागले.

“पान्यावर जात्यात,” कोंडूकाका म्हणाला. “हल्ली आपल्या आपन जात्यात. आमची एक खेप वाचली.”

नीलाक्षी मागोमाग गेली. घोडे पाणी पीत नव्हते. काठच्या लव्हाळ्यात, जिथे गोमाश्या सर्वांत जास्त असतात तिथे, ते अंगाला अंग लावून उभे राहिले. माश्यांचे थर त्यांच्या मानांवर बसले. कुठेही फुरफुर नाही, खुरांचा आवाज नाही. ऐकू येत होती ती फक्त माश्यांची गुणगुण.

तिने मैनेचं रक्त काढून खिशातल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. स्वच्छ. पट्टी खोटं बोलत नव्हती. मग मानेची जागा बधिर करून तिने कातडीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला, चिरडला आणि पाहिला.

कातडी वळवळत होती.

“काका, डोस कमी पडल्याशिवाय असं होत नाही. कुपीचं खरं काय ते सांगा.”

कोंडूकाकाने म्होरकीची दोरी हातात गुंडाळली, सोडली. “परवाना असलेल्या घोड्यालाच पट्टी दिली तुमी. निम्मी घोडी बिनपट्टीची. आमी कुपी अर्धी करतो. अर्धी पट्टीत, अर्धी दुसऱ्याच्या घोड्याला सुईनं. ह्या तळावर एकाचं घोडं खाईल नि दुसऱ्याचं बगत ऱ्हाईल, असं आजवर झालं न्हाई, ताई.”

खरंच झालं नव्हतं. मंदीच्या दिवसांत ज्याला गिऱ्हाईक मिळेल, तो मिळालेलं सगळ्यांत वाटायचा. ही रीत नीलाक्षीला ठाऊक होती, आवडायचीही. कुपीही वाटली जाईल, हे मात्र तिच्या मनात आलं नव्हतं.

अर्ध्या डोसाचा इशारा जंतूंना थांबवायला पुरला नाही. त्यातून तगले ते इशाऱ्यावर न थांबता हलायला शिकलेले. ते रक्त सोडून कातडीखाली उतरले आणि माश्यांच्या वेळेला वर येऊ लागले. पण घोड्याला पाण्यापर्यंत चालवत न्यायला, त्याची शेपटी धरून ठेवायला ते कुठे शिकले?

“जुनं इंजेक्शन द्यावं लागेल,” ती म्हणाली. “क्विनापायरामाइन. पूर्ण डोस.”

“त्या सुईनं माजा शेरू ग्येला. तोंडातून लाळ, चारी पाय लटलट, नि आडवा झाला तो उठलाच न्हाई.” कोंडूकाकाने मैनेच्या कपाळावर हात ठेवला. “ही आदी चावायची. आता पोरं हिच्या पोटाखालून जात्यात. तुमचाच दिवा हिरवा म्हनतोय. मंग बरं कुनाला करायचंय?”

“तिला माश्या हाकलायच्या नाहीयेत का, काका? का आतले जंतू तिला हाकलू देत नाहीयेत?”

त्याने घोडीच्या डोळ्यांत पाहिलं. मग त्याने स्वतःच म्होरकी आखडून धरली.

नीलाक्षीने फितीने छातीचा घेर मोजून वजन काढलं आणि औषध मानेच्या दोन्ही बाजूंना वाटून टोचलं. थोड्याच वेळात मैनेच्या तोंडाला फेस आला. पाय लटपटले, घाम सुटला, ती गुडघ्यांवर आली. कोंडूकाका तिच्या कानाशी काहीबाही बोलत राहिला. अंधार पडायच्या आत ती धडपडत उठली, आणि उठल्याबरोबर कडकडून त्याच्या दंडाला चावली.

“आली माजी बाय,” तो दंड चोळत म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी ऊन कललं तेव्हा घोडे तळ्याकडे गेले नाहीत. ते मैनेच्या दावणीकडे आले. अंगावर माश्या घेऊन, घाई न करता. त्यांनी तिच्याभोवती कडं केलं आणि पोटाला पोट लावून तिला मध्ये चेपलं. मैना खिंकाळत होती, लाथा झाडत होती. लाथा लागत होत्या, पण एकही घोडा मागे सरत नव्हता. त्यांच्या मानांवरून माश्या उठत होत्या आणि तिच्यावर बसत होत्या.

कोंडूकाकाने एकेकाला नावाने हाक मारली. लहानाचे मोठे केलेले घोडे. एकाचाही कान वळला नाही. शेवटी दोघातिघांनी दांडके घालून वाट केली, तेव्हा कुठे मैना बाहेर निघाली. ती थरथरत होती.

नीलाक्षीने औषधाची पेटी उघडली. ते बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. होतं ते एवढंच. पूर्ण डोसाने तळावरचे जेमतेम निम्मे घोडे बरे होतील. उरलेल्यांना तसंच सोडलं तर ते बऱ्या झालेल्यांना पुन्हा घेरणार. हे तिने घोडेवाल्यांना आडपडदा न ठेवता सांगितलं. कुपी अर्धी करून चालणार नाही, हेही सांगितलं.

प्रत्येकाने नकळत आपापल्या घोड्याची दोरी जवळ ओढली होती. ज्यांची पोरं एकमेकांच्या घरी जेवत, ती माणसं आता एकमेकांकडे बघायचं टाळत होती.

“ताई,” कोंडूकाका हळूच म्हणाला, “ज्यांना सुई मिळायची न्हाई, ती घोडी मारायची व्हय? नि त्यातलं पयलं घोडं कुनाचं, ते कोन सांगनार?”